वैनीसाठी मुंबईला हाफ पळायलोय, पाठीवर नाव टाकू का नको?

मांजराकाठ (लातूर जिल्हा), सप्टेंबर

रामराम मंडळी.

मी रेणापूर तालुक्यातल्या एका शाळेत पीटी शिकवतो. वय चव्वेचाळीस. कबड्डीतला माणूस, दम आहे पण लांब पळायची सवय कधीच नव्हती. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनमध्ये हाफ, म्हणजे २१.०९७ किलोमीटर, पळायचं ठरवलंय. प्रवेश मिळालाय. कारण माझी वैनी.

वैनीला छातीत गाठ लागली तेव्हा तिनं आधी कुणाला सांगितलंच नाही. मग गावाकडच्या एका डॉक्टरला दाखवलं, त्यानं ‘साधी गाठ असंल, जिरंल’ म्हणून गोळ्या दिल्या. तोवर पेरणी आली, मग खुरपण, मग रास. आमच्याकडं बाईचं दुखणं शेतातल्या कामातून सवड काढून दाखवतेत, आणि सवड काही होत नसती. शेवटी काखेत दुसरी गाठ आली तेव्हा धावाधाव. परळला टाटात केमो, ऑपरेशन, रेडिएशन. दादा नि वैनी दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत राहिले. उपचार बऱ्यापैकी योजनेतून झाले. पण दादाचं राहणं-खाणं, मागं पडीक पडलेलं रान, गड्याची मजुरी, हे कुठल्या योजनेत बसतंय? एक बैलजोडी गेली. आता रोज एक गोळी, ठरल्या मुदतीला तपासणी. परवा वैनी माझ्याआधी शेतात होती.

तर मला वाटलं, टी-शर्टच्या पाठीवर वैनीचं नाव टाकावं, खाली ‘कॅन्सरवर मात’ असं काहीतरी. डिझाईन करून घरी दाखवलं. अण्णा असे भडकले की बस. “घरच्या बाईचा रोग पाठीवर घेऊन मुंबईभर हिंडणार का?” दादा गप्प. खरं कारण वेगळंय. पुतणीला स्थळं बघायलोत. औशाकडचं एक स्थळ सगळं जमत आलं होतं, मग त्यांनी कुठून तरी ऐकलं, ‘मुलीच्या आईला काय झालं होतं?’ असा फोन आला, आणि पुन्हा फोन आला नाही.

विचारायचं असं:

नाव टाकावं का? टाकलं नाही तर मग वैनीसाठी पळतोय हे कुणाला कळणार, आणि कळलंच नाही तर उपयोग काय?

शाळेतले सहकारी म्हणायलेत, फोनचा क्यूआर स्टेटसला टाका, पालक-माजी विद्यार्थी पाच-पन्नास हजार सहज देतील, गावातल्या पेशंटला वाटून टाका. करावं का?

आणि पळण्याचं. बारा-तेरा किलोमीटर होतंय. त्यापुढं उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला चमक निघती. पहाटे रस्त्यावर मी आणि पोलीस भरतीची पोरं. त्यांचं सोळाशे मीटर झालं की ती पुलावर बसतेत, आणि मी परत येताना विचारतेत, “सर, तुमची कोणती भरती निघाली?”

---

डोंगरवाट (छत्रपती संभाजीनगर)

सर, आधी गुडघा. बाहेरच्या बाजूची चमक बहुतेक वेळा मांडीच्या बाहेरून खाली येणारा पट्टा घासल्यानं येते. तुमचा रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असणार, आणि तुम्ही रोज एकाच कडेनं पळत असणार. बाजू बदला, नाहीतर सपाट जागा शोधा. कालव्याचा मुरमाड रस्ता असेल तर सोन्याहून पिवळं. काळ्या रानात मात्र पावसात जाऊ नका, बुटाला अर्धा किलो चिखल चिकटतो आणि पायाची चाल बिघडते. कुल्ल्याच्या स्नायूंचे व्यायाम तुम्ही मुलांना शिकवतच असाल, ते स्वतः करा. पीटीचे सर स्वतः कधी करत नाहीत हा माझा अनुभव. पंधरा दिवसांत फरक नाही पडला तर फिजिओला दाखवा.

लांब पळणं आठवड्यातून एकदाच, आणि इतकं सावकाश की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता यावं. मधे मधे चालायची लाज बाळगू नका. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे २०२० साली दिल्लीत हाफ एक तास तीस सेकंदांत पळाला, तो राष्ट्रीय विक्रम. आपण त्याच्या दुप्पट-अडीचपट वेळ घेणार, मग घाई कसली?

मुंबईची हवा दमट. आपल्याकडं घाम वाळतो, तिथं अंगावरच राहतो आणि शरीर थंड होत नाही. नुसतं पाणी ढोसू नका, त्यानं रक्तातलं मीठ पातळ होऊन चक्कर येते, क्वचित जिवावरही बेतते. ओआरएस ठेवा. माहीमहून निघाल्यावर सी लिंक, मग वरळी, हाजी अली, आणि पाय संपत आलेले असताना पेडर रोडचा चढ. अंबाजोगाईच्या बाजूला बालाघाटाचे चढ आहेत तुमच्याकडं, महिन्यातून दोनदा तिकडं जाऊन या.

आता पैसे. क्यूआर स्टेटसला टाकू नका. एकतर तुम्ही शाळेतले. विद्यार्थ्यांच्या पालकांकडून वर्गणी मागायची म्हणजे वरिष्ठांची लेखी परवानगी आधी हवी, नाहीतर चांगलं काम करून नोटीस घ्याल. दुसरं, कुणाचे किती आले, कुणाला किती दिले, हे गावात वर्षभर उगाळलं जातं. मुंबई मॅरेथॉनमध्ये देणग्यांचं काम युनायटेड वे मुंबई ही संस्था बघते. तिथं नोंदलेल्या संस्थांतली कॅन्सरवर काम करणारी निवडा, देणारा थेट संस्थेला देईल, पावती त्याला मिळेल. रोख दोन हजारांच्या वर दिले तर देणगीवरची आयकराची सवलत मिळत नाही, आणि नव्या करपद्धतीत ती नाहीच, हे देणाऱ्यांना आधीच सांगा. नंतर मार्चमध्ये फोन येतात.

नावाचं मला विचाराल तर टाका. पण हे तुमचं घर.

---

खरं_बोलू_का (नांदेड)

सर, राग मानू नका. तुमच्या पळण्यानं वैनीला काय मिळणार? प्रवेश फी, बूट, रेल्वे, मुंबईत दोन रात्री लॉज. तेवढे पैसे सरळ एखाद्या पेशंटच्या हातात द्या. माझा मामा तोंडाच्या कॅन्सरनं गेला. चौकातल्या टपरीवर गुटखा अजून मिळतो, महाराष्ट्रात बंदी २०१२ पासून. ती टपरी बंद करायला कुणी पळत नाही.

---

कोरडवाहू (बीड)

सर, अण्णांना विचारलं, दादांना विचारलं, आता आम्हाला विचारायलात. वैनीला विचारलं का?

मी सांगते कशासाठी. मलाही तोच रोग. माझ्या लेकानं केमोत केस गेलेला माझा फोटो स्टेटसला टाकला, ‘माझी आई फायटर’, खाली दोन मुठी. प्रेमानंच टाकला, पोरगं गुणी आहे माझं. मी त्या दिवशी दळण आणायला गेले तर गिरणीवाल्यानं उरलेले पैसे हातात दिले नाहीत. फळीवर ठेवले आणि फळी माझ्याकडं सरकवली. दहा वर्षांचं गिऱ्हाईक मी. घरी आले तर दारात चार बायका बसलेल्या, बघायला. त्यातली एक म्हणली, “आमच्या नणंदेलाबी असंच झालतं, गेली बिचारी.” चहा करून पाजला मी त्यांना.

त्यामुळं अण्णा चिडले ते मला कळतं, पण अण्णांना स्थळाची काळजी आहे आणि तुम्हाला टी-शर्टची. वैनीचं काय म्हणणंय ते या सगळ्या धाग्यात कुठंच नाही.

आणि ‘मात’ लिहू नका. पाच वर्षं गोळ्या चालू आहेत माझ्या. दर तपासणीच्या आधी आठ दिवस मला झोप नसते. असं पाठीवर लिहिलेलं बघितलं की वाटतं, उद्या रिपोर्ट बिघडला तर मी हरले म्हणायचं का?

आता दुसरी बाजू. मी स्वतः पळते, म्हणून या मंचावर आहे. दहा किलोमीटरच, त्यातलं निम्मं चालणं. डॉक्टरांना विचारून सुरू केलं. केमोनं पायाचे तळवे बधिर झाले होते, खडा रुतला तरी कळायचं नाही, म्हणून अजूनही खाली बघत पळते आणि घरी आल्यावर तळवे उलटे करून तपासते. छाती काढली त्या जागी आत घालायचं सिलिकॉनचं मिळतं ते जड, पळताना घामानं खाली सरकतं. मी लोकरीनं विणलेलं वापरते, हलकं, धुतलं की संध्याकाळपर्यंत वाळतं. काखेतल्या गाठी काढल्यात त्या हाताला बीपीचा पट्टा लावू देत नाही. बायका म्हणतात त्या हातानं काही करायचंच नसतं. तसं काही नाही, हळूहळू वजन वाढवत हात वापरायचा असतो. मला फिजिओच्या बाईनं भिंतीवर बोटं चढवत न्यायला शिकवलं होतं, दर आठवड्याला पेन्सिलीची एक खूण वर जायची. त्या खुणा मी रंग देताना पुसू दिल्या नाहीत.

मी पळते तेव्हा पाठीवर काही लिहिलेलं नसतं. मी माझ्यासाठी पळते, मला तेवढा वेळ घरात कुणी हाक मारत नाही.

खरं_बोलू_का दादा, तुमच्या मामांचं वाईट वाटलं. गुटख्याचं तुम्ही बोलता ते शंभर टक्के खरं आहे.

---

डोंगरवाट

नांदेडच्या मित्राला. पळून कॅन्सर बरा होत नाही, मान्य. पण पुढच्या महिन्यात आश्विन पौर्णिमेला लाखो लोक पायी तुळजापूरला जातील. त्यांना आपण म्हणतो का, की एसटीनं जा आणि उरलेली मेहनत देवीला मनीऑर्डर करा?

टेरी फॉक्सचं नाव ऐकलं असेल. कॅनडाचा मुलगा, हाडाच्या कॅन्सरनं १९७७ मध्ये उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापला. १२ एप्रिल १९८० ला त्यानं अटलांटिकच्या काठावरून कृत्रिम पायानं देश ओलांडायला सुरुवात केली, रोज जवळजवळ मॅरेथॉनएवढं अंतर. पहिले दिवस रस्त्यावर कुणी नव्हतं. मागणं एवढंच की कॅनडातल्या प्रत्येक माणसामागं एक डॉलर संशोधनाला द्या. १४३ दिवस, ५,३७३ किलोमीटर झाले आणि कॅन्सर फुप्फुसात पोचला म्हणून थांबावं लागलं. दुसऱ्या वर्षी जूनमध्ये गेला, बाविसाव्या वर्षी. पण त्याआधी, १९८१ च्या फेब्रुवारीतच, रक्कम दोन कोटी चाळीस लाख डॉलरवर गेली होती, म्हणजे तेव्हाच्या लोकसंख्येइतकी. आणि एका गोष्टीत तो हट्टी होता. कंपन्यांची जाहिरात अंगावर घेतली नाही.

न्यूयॉर्क मॅरेथॉन सुरू करणारा फ्रेड लेबो. त्याला मेंदूचा कॅन्सर झाला. १९९२ साली तो आपलीच मॅरेथॉन पळाला, साडेपाच तास लागले. सोबत ग्रेटे वाइट्झ, जिनं ती स्पर्धा नऊ वेळा जिंकलेली. तिच्यासाठी तो वेग म्हणजे रांगणं, पण ती शेवटपर्यंत त्याच्या बाजूला राहिली. मला टेरीपेक्षा ही बाई जास्त आवडते. का ते सांगता येणार नाही.

बीडच्या ताईंचं वाचून मी माझं ‘टाका’ मागं घेतो.

---

उपकेंद्र (धाराशिव)

मी एएनएम, म्हणजे उपकेंद्रातली नर्स आहे. पैसे कुठं द्यावेत यावर थोडं.

आपल्याच धाराशिव जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, १९९९ पासून गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा मोठा अभ्यास झाला. टाटा, बार्शीचं नर्गिस दत्त हॉस्पिटल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था. गावांचे ५२ गट, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. काहींची एचपीव्ही (हा कॅन्सर करणारा विषाणू) तपासणी, काहींची पॅप (गर्भाशयमुखाच्या पेशी घेऊन तपासायची), काहींची व्हिनेगर लावून डोळ्यानं बघायची, आणि एका गटाला फक्त माहिती. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनं मृत्यू निम्म्यावर आले. निकाल २००९ ला जगभर छापून आला. ज्या गटाची तपासणीच केली नाही त्यांच्याबद्दल नंतर बराच वाद झाला, तो रास्तच होता असं माझं मत. पण ज्या बायकांच्या जिवावर जगाला हे कळलं, त्यांच्याच सुनांना मी आज तपासणीला चला म्हणते तेव्हा उत्तर काय येतं? “मला काय झालंय?”

छातीच्या कॅन्सरचंही तसंच. मुंबईत वस्त्यांमधल्या दीड लाख बायकांवर वीस वर्षं काम झालं. शिकवलेल्या कार्यकर्त्या दर दोन वर्षांनी हातानं तपासायच्या, मशीन नाही. गाठी लवकर सापडल्या, आणि पन्नाशीच्या पुढच्या बायकांत मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले. हे आमच्या उपकेंद्रातही होतं, फुकट होतं. अडतं कुठं, तर आडोसा नाही. एक खोली, तिथंच लसीकरण, दाराला कडी नाही, बाहेर बाप्ये बसलेले. कोण बाई काढील ब्लाऊज? मी स्वतःच्या पैशानं पडदा आणला, त्या महिन्यात आलेल्या बायका आधीच्या सगळ्या वर्षापेक्षा जास्त होत्या.

प्रवासाचंही सांगून ठेवते, बऱ्याच जणांना माहीत नसतं. कॅन्सरच्या पेशंटला उपचाराला जाताना रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीला तिकीट माफ असतं, सोबतच्या एकाला पंचाहत्तर टक्के सूट. हॉस्पिटलचा ठराविक नमुन्यातला दाखला लागतो. एसटीतही सवलत आहे. आणि प्रत्येक वेळी परळच गाठायला पाहिजे असं नाही, संभाजीनगरला शासकीय कॅन्सर रुग्णालय २०१२ पासून आहे, बार्शी तर आपल्या उंबऱ्यावर.

---

मांजराकाठ, दिवाळीनंतर

मंडळी, उशीर झाला. सोयाबीनची रास, मग पाऊस, मग भिजलेलं वाळवणं, सगळ्यांचं तेच.

वैनीला विचारलं. अंगणात ती भिजल्या शेंगा निवडत होती, मी शेजारी बसून निवडू लागलो. हे काम मी कधी करत नाही, त्यामुळं तिला आधीच कळलं काहीतरी आहे. म्हणली, “पैसे पाहिजेत का?”

मी टी-शर्टचं सांगितलं. ती हसली आधी. म्हणली, “पोरीचं लग्न होईस्तोवर माझं नाव कुठं लिहायचं नाही. लग्न झाल्यावर पाठीवर काय, ट्रॅक्टरवर बी लिही.” मग थोड्या वेळानं म्हणली, “पण जावयाच्या घरी लपवायचं नाही. बघायला येतेल तवाच मी सांगणारंय. ज्याला पळायचं त्यो पळंल.” हे अण्णांना अजून सांगितलेलं नाही. कोण सांगणार यावर दादात आणि माझ्यात ओढाताण चालू आहे.

पैशाचं तिला उपकेंद्र ताईंचं पडद्याचं वाचून दाखवलं. तिला ते पटलं. आमच्या उपकेंद्रात पडदा, एक पलंग आणि दाराला कडी, हे दादा नि मी आमच्या खिशातून करतोय, वर्गणी नाही. बाकी बाहेरचे जे देतील ते मॅरेथॉनमधून संस्थेलाच. मुख्याध्यापकांकडं अर्ज दिलाय, ते म्हणले बघू.

पहिल्या पोस्टमधे मी विचारलं होतं, कुणाला कळलंच नाही तर उपयोग काय. वैनीला तो प्रश्नच कळला नाही. म्हणली, “मला कळतंय की.”

आणि एक. ती मुंबईला यायचं म्हणती. उपचाराच्या एवढ्या महिन्यांत धर्मशाळा, हॉस्पिटल, हॉस्पिटल, धर्मशाळा. समुद्र काही बघायला मिळाला नाही. दादानं एकदा नेतो म्हणलं होतं, तेव्हा पेशी कमी झाल्या नि ताप आला. आता म्हणती, “परळ सोडून कुठंबी उभी कर.” तर मुंबईची माहिती असणाऱ्यांनी सांगा, वैनी नि दादा कुठं उभे राहिले तर त्यांना समुद्रही दिसंल आणि मीही? पहाटे रस्ते बंद असतेत म्हणतेत. तिला जास्त वेळ उन्हात उभं राहता येत नाही.

गुडघा बरा आहे. बाजू बदलली. सतरापर्यंत गेलो.

---

कोरडवाहू

वैनीला माझा नमस्कार सांगा. लोकरीचं पाहिजे असंल तर माप कळवा, मी विणून देते. रंग विचारा, मी एक जांभळं केलंय.

---

डोंगरवाट

मरीन ड्राइव्ह. त्यांना आदल्या दिवशी लातूर एक्सप्रेसनं येऊ द्या, चर्चगेटच्या जवळपास मुक्काम ठेवा, म्हणजे पहाटे रस्ता बंद असला तरी चालत पाच मिनिटांत कट्ट्यावर. परळ-दादरला राहिले तर रविवारची लोकल आणि मेगाब्लॉकच्या भानगडीत पडाल. पळणारे रस्त्यात, समुद्र कट्ट्याच्या पलीकडं, बसायला कट्टा. हाफवाले ऊन चढायच्या आत येतात, तरी छत्री आणि पाण्याची बाटली सोबत असू द्या. गर्दीत तुम्ही त्यांना सापडणार नाहीत, तेव्हा एखाद्या मोठ्या इमारतीसमोरची जागा आधी ठरवा आणि तुमच्या बिबचा (छातीवर लावायच्या कागदाचा) नंबर दादांच्या फोनवर ठेवा, वेळेचा अंदाज येतो.

सतरा झालं म्हणजे एकवीस होतंच. शेवटचे दोन आठवडे पळणं कमी करा, नवे बूट आणि नवे मोजे त्या दिवशी घालू नका, काखेत नि मांड्यांना व्हॅसलीन. आणि सी लिंकवर मोबाईल काढून सगळेच वेग वाढवतात. तुम्ही वाढवू नका, पुढं पेडर रोड आहे.